तंबोरा कुठे गेला? स्वतःची वेबसाइट आणि लॉसलेस आवाज

(व्याख्यानाचे शब्दांकन. सभागृहात ऐकवलेले ध्वनिमुद्रणाचे तुकडे इथे देता आलेले नाहीत, त्या जागी त्यांचे वर्णन ठेवले आहे. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच राहू दिली आहे.)

आत्ता तुम्ही दोन तुकडे ऐकलेत, चाळीस-चाळीस सेकंदांचे. दोन्हींत गाणाऱ्या बाई एकच, राग एकच, आलापही तोच. किंबहुना कॅसेटही एकच. पहिल्या तुकड्यात बाईंच्या मागे तंबोरा आहे. दुसऱ्यात तंबोऱ्याच्या जागी नळाच्या पाण्यासारखं काहीतरी खळखळतंय. पुढच्या रांगेतल्या एका काकांनी लगेच विचारलं, "तंबोरा कुठे गेला?" आजचं सगळं बोलणं त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून काकांचे आभार मानूनच सुरुवात करतो.

आम्ही चौघे मिरजेचे. एकाच बाईंकडे शिकलो. चौघांपैकी कोणीही मोठा गायक झाला नाही, हे आधीच सांगून टाकतो. बाई शिकवताना एक साधा टेपरेकॉर्डर चालू ठेवायच्या. त्यातून १९८१ ते १९९४ या काळातल्या साठ मिनिटांच्या एकसष्ट कॅसेट जमल्या. त्यात मैफल एकही नाही. सगळी तालीम आहे. बाई एखादी जागा पाच वेळा घेऊन दाखवतात, मध्येच कोणावर तरी रागावतात, दूधवाला येतो, पुन्हा तीच जागा. बाई गेल्यावर हा खजिना टिकवायचा म्हणून २००४ साली आम्ही त्या कॅसेट एका दुकानात दिल्या. "सीडीवर करून द्या," एवढंच सांगितलं. दुकानदाराने तीन सीडी दिल्या. एकसष्ट कॅसेट तीन सीडीत बसल्या याचं आम्हाला कौतुक वाटलं. ते कसं शक्य झालं, हा प्रश्न तेव्हा डोक्यात आला नाही, आणि घर आवरताना एकोणीस कॅसेट आम्ही स्वतःच्या हाताने टाकून दिल्या. बुरशी आली होती, आणि "सीडी आहे की." बेचाळीस माळ्यावर राहिल्या, त्या विसरल्या गेल्या म्हणून वाचल्या.

आता हिशेब करू, कारण हा हिशेब प्रत्येकाला यायला हवा. आवाज संगणकात साठवायचा म्हणजे हवेच्या दाबाची ठरावीक अंतराने मोजमापं घ्यायची. ऑडिओ सीडीवर एका सेकंदाला ४४,१०० मोजमापं असतात, प्रत्येक मोजमाप १६ बिटांचं, आणि डावा-उजवा असे दोन पदर. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात, म्हणजे तासाला सुमारे ६३५ एमबी. एका सीडीत एक तास आणि वर थोडं, हे त्यामुळेच. मग एकसष्ट तास तीन सीडीत? दुकानदाराने ६४ केबीपीएसची एमपी३ केली होती. म्हणजे बाविसातला एकच बिट ठेवला. तासाला २९ एमबी, एकसष्ट तासांचे १,७५० एमबीच्या आसपास. झाल्या तीन सीडी.

एमपी३ हे तंत्र फसवं आहे असं मात्र आम्ही म्हणणार नाही. ते फार हुशार आहे. एका मोठ्या आवाजाच्या आड, त्याच्या जवळच्या पट्टीतला बारीक आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही. मग तो साठवायचा कशाला? एमपी३ असा न ऐकू येणारा भाग शोधते आणि तो जाडसर लिहिते किंवा सोडून देते. जागा भरपूर दिली तर ही सोडासोड कळत नाही. जागा आवळली की मात्र काय सोडायचं याचे निर्णय कठीण होतात, आणि पहिला बळी जातो तो सतत चालणाऱ्या, बारीक, वरच्या स्वरांशांनी भरलेल्या आवाजाचा. तंबोऱ्याची जवारी म्हणजे नेमकं तेच! गळा पुढे आहे, तो राहतो. तबल्याची थाप कशीबशी राहते. तंबोरा मागे आहे, मंद आहे, अखंड आहे. यंत्राच्या दृष्टीने तो काढण्याजोगा, आणि आपल्या दृष्टीने त्याच्याशिवाय गाणं उभं राहत नाही. मिरजेत तंबोरे घडवणारी घराणी पिढ्यान् पिढ्या आहेत, तिथल्या माणसाला हे अधिकच झोंबतं.

लॉसलेस म्हणजे काय, तर ज्यात काहीच सोडलं जात नाही असं आवळणं. जागा वाचते, पण उलगडल्यावर मूळ मोजमापं एकूणएक, शेवटच्या बिटापर्यंत तीच परत मिळतात. यासाठी आज सगळ्यात जास्त चालणारा प्रकार म्हणजे फ्लॅक. जॉश कोल्सन यांनी तो बनवला, २००१ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. तो पहिल्यापासून मोफत आणि खुला आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्याचं इंटरनेटच्या मानकांत रीतसर लेखनही झालं. याचा अर्थ उद्या आजचे सगळे प्लेअर नाहीसे झाले, तरी तो कागद वाचून कोणालाही नवा प्लेअर लिहिता येईल.

फ्लॅक कसं काम करतं? तबलजी तीनताल लावून बसलाय. दोन आवर्तनं ऐकली की तिसऱ्यात कुठे काय येणार हे तुम्हाला माहीत असतं. आता मी तुम्हाला पत्राने कळवायचं असेल की त्याने काय वाजवलं, तर प्रत्येक बोल लिहायची गरज नाही. "ठेकाच वाजवला, फक्त नवव्या मात्रेला असं केलं" एवढं पुरे. फ्लॅक आवाजाचे छोटे तुकडे पाडतं, साधारणपणे ४,०९६ मोजमापांचे, म्हणजे सेकंदाच्या अकराव्या भागाएवढे. प्रत्येक तुकड्यात मागच्या काही मोजमापांवरून पुढचं मोजमाप काय असेल याचा अंदाज बांधतं, आणि अंदाज व खरी किंमत यांच्यातला फरक तेवढा लिहून ठेवतं. अंदाज चांगला असेल तर फरक लहान, आणि लहान आकडे थोड्या जागेत लिहिता येतात. वाचणारा तोच अंदाज बांधतो, त्यात फरक मिळवतो, मूळ आकडा हाती येतो. संगीताच्या फाइली यातून साधारण निम्म्यावर येतात, कधी थोड्या कमी, कधी जास्त.

इथे आमची एक गंमत झाली. आम्हाला वाटलं, जुन्या कॅसेटचा आवाज साधासुधा, एक बाई आणि एक तंबोरा, त्याची फाइल छोटी होईल. झालं उलटं. आजच्या स्टुडिओतल्या स्वच्छ तंबोऱ्याच्या मानाने आमच्या कॅसेटची फाइल बरीच मोठी. कारण कॅसेटची खरखर. खरखरीचा अंदाज बांधताच येत नाही, ती व्याख्येनेच बेभरवशाची. त्यामुळे फ्लॅक बिचारं इमानेइतबारे ती खरखर बिट न् बिट जपून ठेवतं. लॉसलेसला चांगलं-वाईट कळत नाही, आणि तेच त्याचं काम आहे.

"मग खरखर आधी काढून का टाकत नाही?" हा प्रश्न नेहमी येतो. आम्ही करून पाहिलं. खरखर काढणारी साधनं तंबोरा आणि खरखर यांच्यात पुष्कळदा गल्लत करतात. बाई स्वच्छ होतात आणि तंबोरा पुन्हा पाण्यात जातो. म्हणून आमचा नियम: मूळ प्रतीला हात लावायचा नाही. साफसूफ करायची ती वेगळी प्रत काढून.

आणखी एक नियम असा की, फाइलच्या आकड्यांपेक्षा कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राकडे जास्त लक्ष द्यायचं. लोक ९६ किलोहर्ट्झ की १९२, यावर तासन् तास वाद घालतात, आणि टेपचं डोकं वाकडं असतं! डेकचं हेड टेपशी काटकोनात नसेल तर वरचे स्वर तिथेच मरतात, मग पुढे काहीही करा. एका बारीक स्क्रूने तो कोन जुळवता येतो. प्रत्येक कॅसेटला वेगळा लागतो, कानाने जुळवायचा. आम्ही ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटला नोंदवतो, कॅसेटसाठी ते पुरेसं आहे असं आमचं मत आहे.

दुसरी भानगड वेगाची. टेपरेकॉर्डर सेलवर चालत असेल आणि सेल उतरले असतील तर टेप हळू फिरते. तशी भरलेली कॅसेट आज चांगल्या डेकवर लावली की गाणं चढ्या पट्टीत ऐकू येतं. बाई काळी चारमध्ये गायच्या. एका कॅसेटमध्ये त्या काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मधल्या फटीत गाताना सापडल्या! टेपवर विजेची घरघर असेल तर ती ५० हर्ट्झला आहे का हे पाहून वेग जुळवायची एक युक्ती आहे. आमची घरघर ५२ ला निघाली, म्हणजे वेग चार टक्के जास्त. पण त्या काळी विजेची वारंवारताही ५० वर नीट थांबत नसे, त्यामुळे नुसत्या या युक्तीवर विसंबता येत नाही. शेवटी बाईंची पेटीच कामी आली. ती अजून त्यांच्या मुलीकडे आहे. पेटीची काळी चार वाजवून मोजली आणि त्यावर कॅसेट बेतल्या.

असो. आता वेबसाइटकडे येतो. बेचाळीस तासांचा आवाज आमच्याजवळ आला. तो ठेवायचा कुठे?

सोपा रस्ता म्हणजे एखाद्या मोठ्या फुकट मंचावर चढवून द्यायचा. आम्हीही तेच केलं, आणि दीड वर्षाने एका सकाळी आमचं खातं बंद झालेलं दिसलं. तिथल्या यंत्राला आमच्या एका तालमीत कोणाचं तरी विकाऊ ध्वनिमुद्रण "सापडलं" होतं. बंदिश पारंपरिक, राग तोच, पट्टी तीच, यंत्राचा गोंधळ समजण्यासारखा आहे. पण दाद मागायला समोर माणूस नव्हता. त्या मंचाचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. २००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद केलं तेव्हा लोकांनी हौसेने बांधलेली लाखो पानं एकदम गेली. २०१९ मध्ये मायस्पेसने कबूल केलं की, सर्व्हर हलवताना २०१५ पर्यंत लोकांनी चढवलेलं संगीत नष्ट झालं. पाच कोटी गाण्यांचा आकडा तेव्हा सांगितला गेला. त्यातल्या कित्येक गायक-वादकांनी घरची प्रत ठेवली नव्हती, कारण "वर आहे की." आमच्या "सीडी आहे की"चा हा मोठा भाऊ.

स्वतःची वेबसाइट म्हटलं की लोक घाबरतात. घाबरण्यासारखं काही नाही. आमची वेबसाइट म्हणजे एक फोल्डर आहे. त्यात प्रत्येक कॅसेटचं एक पान, साध्या एचटीएमएलमध्ये लिहिलेलं, आणि त्याच्या शेजारी आवाजाच्या फाइली. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, दर महिन्याला अद्ययावत करावं लागणारं काही नाही. ते फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं तर नेट नसतानाही घरच्या संगणकावर तसंच्या तसं चालतं. अशा वेबसाइटला बिघडायला जागाच कमी. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्नमध्ये लिहिलेली पानं आजचा ब्राउझर मुकाट उघडतो, ती याच साधेपणामुळे.

विकत घ्यायच्या गोष्टी दोन. एक नाव, म्हणजे डोमेन, आणि दुसरी जागा, म्हणजे सर्व्हर. कुलपाचं चिन्ह दिसण्यासाठी जे प्रमाणपत्र लागतं ते लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं. यात जपायची चीज नाव ही आहे. जागा कधीही बदलता येते, फोल्डर उचललं आणि दुसरीकडे ठेवलं, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. नाव हातातून गेलं तर मात्र लोकांनी ठेवलेले सगळे दुवे मेले. आणि नाव विकत मिळतच नाही, भाड्यानेच मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. ते कोणाच्या नावावर आहे, पैसे कोणाच्या कार्डातून जातात, त्याच्यानंतर कोण, हे लिहून ठेवा. आमच्यात दोघांच्या नोंदी आहेत आणि बाईंच्या नातीलाही पासवर्डचं पाकीट दिलेलं आहे. सगळ्या तांत्रिक गोष्टींपेक्षा हे पाकीट महत्त्वाचं.

घरच्याच संगणकावरून का नाही, असं तरुण मंडळी विचारतात. हौस असेल तर जरूर करा. पण आपल्याकडे बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतंत्र पत्ता नसतो, अनेक घरं मिळून एकच पत्ता वापरतात, त्यामुळे बाहेरून तुमच्या घरापर्यंत कोणी सरळ पोचू शकत नाही. वर वीज जाते. आम्ही घरी मूळ प्रती ठेवतो, ऐकवण्याची प्रत भाड्याच्या जागेत.

ऐकवणं, म्हणजे स्ट्रीमिंग, ही काही जादू नव्हे. पानात एक ऑडिओचा टॅग लिहायचा आणि फाइलचा पत्ता द्यायचा. २०१७ पासून क्रोम, फायरफॉक्स, सफारी हे सगळे फ्लॅक थेट वाजवतात, वेगळा प्लेअर लागत नाही. ब्राउझर फाइल उतरवत जातो आणि उतरलेलं वाजवत जातो. एवढंच. थेट मैफल प्रसारित करायची असेल तर आइसकास्टसारखं साधन लागतं, तो वेगळा विषय आहे, त्यात आज शिरत नाही.

पण या "एवढंच" मध्ये आम्ही तीन वेळा आपटलो. पहिल्यांदा पुण्याच्या एका आजोबांचा फोन आला. "द्रुत ऐकायला म्हणून पट्टी पुढे सरकवली की गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं हो. मी तीन वेळा विलंबित ऐकलं." त्याचं कारण असं. पट्टी सरकवली की ब्राउझर सर्व्हरला म्हणतो, मला ही फाइल अमुक बाइटपासून पुढे दे. शहाणा सर्व्हर २०६ क्रमांकाचं उत्तर देतो, म्हणजे "घे, मागितलेला तुकडा". आमचा सर्व्हर २०० म्हणायचा, म्हणजे "ही घे अख्खी फाइल". एका ओळीच्या बदलाने काम झालं. तुम्ही जागा भाड्याने घेताना हे तुकड्याने देणं चालू आहे का, ते आधी विचारा.

दुसऱ्यांदा आम्ही हौसेने प्रत्येक फ्लॅकच्या पोटात कॅसेटच्या वेष्टणाचं छायाचित्र घातलं, नऊ-नऊ एमबीचं. फ्लॅकमध्ये छायाचित्र आवाजाच्या आधी येतं. म्हणजे पहिला सा ऐकू येण्याआधी श्रोत्याने नऊ एमबीचं चित्र उतरवायचं! गावाकडच्या नेटवर लोकांना वाटायचं वेबसाइट बंद आहे. चित्रं काढून पानावर ठेवली.

तिसरी चूक जरा अभिमानातून झालेली. आम्ही ठरवलं होतं की सगळ्यांना फ्लॅकच ऐकवायचं. आता, दोन पदरांच्या फ्लॅकचा एक तास धरा ३०० एमबी. ज्याचा मोबाइल पॅक दिवसाला दीड जीबीचा, त्याचा पाच तासांत फडशा. आमचं मूळ एकपदरी आहे म्हणून ऐकवायची प्रत एकाच पदराची, १६ बिटांची केली, तरी तासाला दीडशे-दोनशे एमबी होतातच. आणि समोरचा माणूस ब्लूटूथच्या इअरफोनवर ऐकतोय. म्हणजे आम्ही काहीही न सोडता इतकं सगळं पाठवायचं, आणि शेवटच्या हातभर अंतरात त्याचा फोन ते पुन्हा आवळणार, कारण नेहमीचं ब्लूटूथ लॉसलेस नसतंच. हे उमगल्यावर आम्ही चौघांनी डोळे बांधल्यासारखी परीक्षा घेतली. कोणता तुकडा कोणता हे न सांगता फ्लॅक आणि चांगली जागा दिलेली आवळलेली प्रत, आलटून पालटून. वीस वेळा. आमच्यातल्या सर्वांत तिखट कानाच्या माणसाने अकरा वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवलं असतं तरी दहा आली असती.

मग फ्लॅकचा अट्टहास कशाला? कारण ऐकणं वेगळं आणि ठेवणं वेगळं. एमपी३ पुन्हा दुसऱ्या प्रकारात आवळली की आधीच सोडलेल्यात नवी सोडासोड होते. त्यातून कोणी तुकडा कापतो, व्हॉट्सॲपवर धाडतो, तिथे आणखी आवळलं जातं. झेरॉक्सची झेरॉक्स. फ्लॅक मात्र कितीही वेळा उलगडा, कापा, पुन्हा बांधा, मूळ आकडे जात नाहीत. उद्या आणखी चांगला प्रकार आला तर त्यात बिनघोर हलवता येतात. म्हणून आता आमच्या पानावर वाजवण्याचं बटण दाबलं की हलकी ओपस प्रत वाजते, आणि शेजारी "मूळ प्रत उतरवून घ्या" असं फ्लॅकचं बटण आहे. हलकी प्रत नेहमी फ्लॅकपासूनच बनवायची, दुसऱ्या हलक्या प्रतीपासून कधीच नाही.

याला जोडून एक गोष्ट सांगायचीच आहे. आमच्यातल्या एकाने २००३ मध्ये बाईंवर एक पान केलं होतं. तेव्हा मराठीसाठी शुषासारखे फॉन्ट चालायचे. मराठी दिसायची, पण आत असायची इंग्रजी अक्षरंच. आज ते पान उघडलं तर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो. आम्हाला वाटलं, हेही गेलं. पण कोणतं अक्षर कशासाठी वापरलं होतं ते ठाऊक असल्यामुळे एका दुपारीत सगळा मजकूर युनिकोडमध्ये परत आला, काना-मात्रेसकट. एकोणीस कॅसेटच्या एमपी३ मात्र कुठल्याही दुपारी परत येणार नाहीत. चिवडा झालेला मजकूर हे नुसतं कोडं होतं, ते सुटलं. तंबोरा खरवडून टाकलेला होता.

मजकुराचा विषय निघालाच आहे तर फ्लॅकच्या पोटातल्या नोंदींबद्दल बोलतो. जुन्या एमपी३मध्ये नावाला ३० अक्षरांची जागा असे आणि देवनागरीची सोयच नव्हती. फ्लॅकमधल्या नोंदी युनिकोडमध्ये असतात आणि रकाने आपले आपण वाढवता येतात. रकान्याचं नाव तेवढं रोमन लिपीत लागतं, आतला मजकूर खुशाल मराठीत लिहा. आम्ही राग, ताल, पट्टी, तबल्यावर कोण, तालमीला कोण हजर होतं, बाजू कुठे उलटली, असं सगळं भरतो. फाइल वेबसाइटपासून तुटून कोणाच्या फोनमध्ये एकटी पडली तरी तिची जन्मकुंडली तिच्यापाशी राहते. शिवाय फ्लॅकच्या सुरुवातीला मूळ आवाजाचा एक ठसा असतो, एमडी५ नावाचा. वर्षातून एकदा सगळ्या फाइली तपासायची आज्ञा द्यायची, ज्या फाइलचा ठसा जुळत नाही ती खराब झाली. आम्ही हे दसऱ्याला करतो. शस्त्रपूजाच ती.

हे तपासायला दुसरी धड प्रत मात्र हवी. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात, हा जुनाच दंडक आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा आमची एक डिस्क तळमजल्यावरच्या कपाटात होती. ती गेली. पुण्यातली राहिली.

आता हक्कांबद्दल, कारण इथे बरेच जण हात झटकतात. "आमचीच कॅसेट, आमच्याच बाई, कोण विचारतंय?" आपल्या कायद्यात प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. त्यामुळे जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्यांपैकी पुष्कळशा आज मोकळ्या आहेत. आमच्या कॅसेटचं तसं नाही. इथे कलाकाराचा हक्क लागू होतो, तो सादरीकरणाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं. १९८३ची तालीम म्हणजे २०३३ संपेपर्यंत. आणि कलाकार म्हणजे फक्त गाणारी बाई नव्हे, तबल्यावर बसलेला माणूसही कलाकारच. आम्ही बाईंच्या मुलीची लेखी परवानगी घेतली आणि मग तबलजींच्या घरी गेलो. ते थकलेत, पण आहेत. त्यांनी कागदावर सही करण्याआधी एकच अट घातली, की ज्या दिवशी त्यांचा हात दुखत होता त्या दिवसाची कॅसेट वर ठेवायची नाही. ती ठेवलेली नाही. मूळ प्रत जपली आहे, ऐकायला दिलेली नाही. बाई ज्या मुलीवर फार रागावल्या आहेत तो भागही ऐकवण्याच्या प्रतीतून काढला आहे, तिला विचारूनच. ती म्हणाली, "राहू द्या." मग अर्धा काढला.

खर्च विचारणारे असतातच. नाव आणि जागा मिळून वर्षाला जेवढं होतं ते आम्ही चौघे वाटून देतो, एका चांगल्या तंबोऱ्याच्या तारा आणि दुरुस्तीइतपत. महिन्याला एक टीबी वाहतूक मिळाली तर दोन पदरांचं फ्लॅकसुद्धा तीन हजार तासांवर ऐकवता येतं. आमच्या बाईंना महिन्यात तीन हजार तास ऐकणारी माणसं मिळाली तर आम्ही आनंदाने जास्त पैसे भरू.

शेवटचा भाग त्या एकोणीस कॅसेटचा. त्यांच्या खराब एमपी३ वर ठेवाव्यात की नाही यावर आमच्यात भांडण झालं. एकाचं म्हणणं, असा आवाज बाईंच्या नावावर नको. बाकीच्यांचं म्हणणं, काहीच नसण्यापेक्षा बरा. तोड अशी निघाली की, प्रत्येकीचं पान करायचं, एमपी३ जशी आहे तशी ठेवायची, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहायचं: "मूळ कॅसेट आमच्या हातून टाकली गेली. कोणाकडे नक्कल असल्यास कळवावे." खाली तारीख, राग, बंदिशीचे पहिले शब्द, सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल असं.

दोन वर्षं काही झालं नाही. मग गेल्या उन्हाळ्यात बेळगावहून एका बाईंचं पत्र आलं. त्यांचे वडील आमच्या बाईंकडे तीन महिने येत होते, त्यांनी एका कॅसेटची नक्कल करून घेतली होती. मुलगी सहज वडिलांच्या आवडत्या बंदिशीचे शब्द शोधत होती, आणि समोर आमचं पान आलं. कॅसेट नकलेची नक्कल आहे, खरखर दुप्पट, फ्लॅक तर आजवरच्या सगळ्यांत मोठं झालंय.

ती कॅसेट क्रमांक २७, बाजू ब, आता लावतो. सुरुवातीला कुकरची शिट्टी येईल, ती तशीच ठेवली आहे. काका, तंबोरा उजवीकडून ऐकू येईल असं वाटेल, पण रेकॉर्डिंग एकपदरी आहे, तो भास या स्पीकरचा. प्रश्न नंतर घेऊ.